मार्था आणि मारकी

लहानपणी प्रभूची प्रार्थना म्हणताना एका ठिकाणी मी ओठ घट्ट मिटून घेत असे. सगळी मंडळी डोळे मिटून देवाला विनवीत, की आम्हाला परीक्षेत आणू नकोस. आणि दुसरीत पहिला क्रमांक मिळवलेली मी त्या विनंतीत सामील व्हायला तयार नसे. मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, मोहाच्या कसोटीला आणि शाळेच्या पेपराला एकच शब्द आहे, हे मला ठाऊक नव्हते. ज्यांची शाळा केव्हाच सुटली होती अशी मोठी माणसे दर रविवारी परीक्षेला इतकी का घाबरतात, याचे मला नवल वाटे. मला परीक्षा हव्या होत्या. वर्षातून दोनऐवजी चार झाल्या असत्या तरी चालल्या असत्या. देवाने चुकून सगळ्यांचे ऐकले आणि माझ्या परीक्षाही रद्द केल्या तर काय, या भीतीने मी तेवढी ओळ गाळून पुढच्या ओळीला सगळ्यांत मिसळत असे. हा माझा देवाशी केलेला पहिला लबाड व्यवहार असावा.

ही लबाडी पकडली ती मार्थाआत्याने. ती माझ्या पप्पांची मोठी बहीण. जालन्याच्या एका जुन्या इस्पितळात तिने चौतीस वर्षे परिचारिका म्हणून काढली होती आणि लग्न न केल्यामुळे ती आमच्याच घरी राहत होती. नाडी मोजता मोजता रोग्याच्या चेहऱ्यावरचे सगळे वाचायची तिला सवय. प्रार्थनेत डोळे मिटूनही तिला माझे मिटलेले ओठ दिसले, ते कसे, हे मला आजही कळलेले नाही. चर्चच्या पायऱ्यांवर तिने मला थांबवले. "रुथे, मधीच तोंड का बंद केलं गं? दात दुखून राह्यले का?" मी माझी भूमिका सविस्तर मांडली. ती इतकी हसली की तिला पायरीवर बसावे लागले. मग डोळे पुसत म्हणाली, "अगं, ती पेपराची परीक्षा न्हाई. आपल्यातलंच वाईट आपल्याला गोड बोलून हाका मारतं ना, तवाची परीक्षा. त्यात आपण सगळेच नापास होतो, म्हणून आधीच हात जोडायचे." मला ते पटले नाही. नापास होणे हा विषय माझ्या कल्पनेपलीकडचा होता. अर्थ कळल्यावरही सवयीने म्हणा, ताठ्याने म्हणा, ती ओळ मी कधी म्हटलीच नाही.

आमचे घर चर्चपासून चार मिनिटांच्या अंतरावर होते. मागे बियाण्यांची गोदामे होती. हंगामात तिथल्या चाळण्या दिवसभर घरघरत आणि ज्वारी-बाजरीच्या भुशाचा एक पातळ थर आमच्या खिडकीच्या गजांवर बसे. पप्पा, शांतवन त्यांचे नाव, अशाच एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवणशक्ती तपासायचे काम करत. ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर दाणे ठेवायचे, ठरलेल्या दिवशी गुंडाळी उलगडायची आणि मोजायचे. न उगवलेले, कुजलेले, वाकडे फुटलेले दाणे वेगवेगळे मोजून लिहायला ते कधी कंटाळत नसत. आई प्राथमिक शाळेत शिकवायची आणि घरातही वर्ग भरल्यासारखीच बोलायची. रविवारी मटणाचा रस्सा आणि भाकरी, नाताळात करंज्या आणि शेव, उन्हाळ्यात पाटीभर मोसंबी. आमच्या ख्रिस्ती रीतीने सलाम करून येणारे पाहुणे आणि हार्मोनियमवर सूर धरून बसलेले पप्पा. या सगळ्यांत माझ्या नाकात कायमचा राहून गेलेला वास मात्र एकच आहे, उकळत्या मनुकांचा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असे. भाकरीचा, म्हणजे पावाचा, लहानसा तुकडा आणि इवल्या पेल्यातला द्राक्षरस. हा रस आत्या करायची. शनिवारी दुपारी काळ्या मनुका स्वच्छ धुऊन, मोठ्या पातेल्यात मंद आचेवर उकळून, मलमलच्या कापडातून गाळून. त्या दिवशी सगळे घर गोडसर, किंचित आंबूस वासाने भरून जाई आणि त्या वासाबरोबरच एक प्रश्न येई. पातेले ढवळता ढवळता आत्या घरातल्या प्रत्येकाला विचारायची, "हात धुतले का?" आमच्या घरापुरता त्याचा अर्थ वेगळा होता. कुणाशी भांडण, अबोला, मनात अढी असेल तर शनिवारी जाऊन मिटवून यायचे. तशा मनाने प्रभूच्या मेजाशी जायचे नाही. पप्पा कधी कधी चप्पल घालून मुकाट्याने बाहेर पडत आणि तासाभराने परत येऊन म्हणत, "धुतले." कुणाशी काय झाले होते, हे विचारायची पद्धत नव्हती.

मी सातवीत असताना एका पहिल्या रविवारी सगळा बाक उठला आणि आत्या बसून राहिली. स्वतः केलेला रस वाटला जात होता आणि ती मांडीवर हात ठेवून समोर बघत होती. पुढच्या महिन्यात तेच. असे अकरा महिने चालले. कारण सगळ्या चर्चला ठाऊक होते: सुमतीसिस्टर म्हणून तिच्याच वॉर्डात काम केलेली बाई होती. वरिष्ठांना आत्या कामावर झोपते असे तिनेच सांगितले होते, हे इतक्या वर्षांनी उघड झाले होते. आरोप खोटा होता, आणि त्यापायी वॉर्डप्रमुखाची जागा आत्याच्या हातून गेली होती. सुमतीसिस्टर दोन बाक पुढे बसत आणि दर महिन्याला प्रसन्न चेहऱ्याने प्रभुभोजन घेत. बायका आत्याला समजावत, "जाऊ दे ना मार्थाबाई, मोठ्या मनाने घ्या. मनात काय आहे ते कोण बघतंय?" त्यावर ती म्हणायची, "ज्याच्यासाठी पातेलं उकळते, तोच बघून राह्यला."

एका शनिवारी मी तिला सरळ विचारले की इतकी प्रार्थना करणाऱ्या माणसाला एका बाईला क्षमा करायला अकरा महिने का लागतात. माझ्या मते हा कार्यक्षमतेचा प्रश्न होता. आत्या पातेले ढवळत राहिली. "माझ्यात दोघी जणी राहतात, रुथे. एक मार्था हाय अन् एक मारकी. म्हशीसारखी मारकी. मार्था म्हणते, चल, सुमतीकडं जाऊन ये. मी डबा भरते, साडी बदलते, कोपऱ्यापर्यंत जाते. तिथं मारकी शिंगं रोवते. मंग मी परत येते अन् डब्यातल्या करंज्या तुलाच मिळतात."

"म्हणजे मारकी जिंकते."

"जिंकती ना. रोज जिंकती. पण ती मारकी हाय, हे मला माहीत हाय. तिला मार्था म्हणून मेजाशी न्यायची न्हाई, एवढंच माझ्या हातात हाय."

आज बियाण्यांवरच्या रोगांचा अभ्यास करताना मला या वाक्याची किंमत कळते. नमुना दूषित असणे ही आपत्ती नाही. दूषित नमुन्यावर शुद्ध अशी चिठ्ठी लावणे ही आपत्ती. पण तेव्हा मी फक्त करंज्यांबद्दल समाधान मानले. बाराव्या महिन्याच्या शनिवारी आत्या गेली ती तीन तास आलीच नाही. आली तेव्हा आवाज बसलेला होता. "भांडलो," तिने दारातच जाहीर केले. "बिलकुल मागचं-पुढचं काढून भांडलो. तिचा नवरा घाबरून बाहेर गेल्ता. मंग रडलो, मंग चहा घेतला. तिचा चहा अजून पांचटच हाय." दुसऱ्या दिवशी तिने प्रभुभोजन घेतले. तिच्या चेहऱ्यावर संतपण नव्हते. लांबून पायी चालत येऊन माठाशी पोहोचलेल्या माणसासारखी ती दिसत होती.

हे सगळे पाहत मोठी झालेली मुलगी पुढे जे वागली, ते तिने वागायला नको होते. पण चांगले बघितल्याने माणूस चांगला होतो, हा निष्कर्ष माझ्या हाताशी असलेल्या पुराव्यांवरून काढता येत नाही.

शाहीन माझी मैत्रीण. तिच्या अब्बांचे धान्याच्या मोंढ्याजवळ लोखंडी अवजारांचे दुकान होते आणि घर आमच्याच गल्लीच्या टोकाला. खाली स्वयंपाकघर आणि बैठक, वर दोन खोल्या, मधे एक अरुंद जिना. ती आमच्याशी मराठीत बोलायची, चिडली की उर्दूत शिरायची. बारावीच्या शास्त्र शाखेत पहिल्या दोन जागा आमच्या असत, कोण पहिली आणि कोण दुसरी हे फक्त बदलत राही. तिला भौतिकशास्त्र जणू दिसायचे. मला ते पाठ करून, सोडवून, पुन्हा सोडवून जिंकावे लागायचे. हा फरक तिच्या लक्षात आला नव्हता. माझ्या आला होता.

त्या वर्षी एका मोठ्या विज्ञानसंस्थेचे उन्हाळी शिबिर जाहीर झाले. प्रत्येक कॉलेजातून एकाच विद्यार्थ्याला पाठवायचे होते आणि त्यासाठी कॉलेजातच एक निवडपरीक्षा होती, रविवारी सकाळी अकराला. तोच महिन्याचा पहिला रविवार होता. बिशपसाहेबांच्या हस्ते माझे दृढीकरण, म्हणजे मंडळीत पूर्ण सभासद होण्याचा विधी, नुकतेच झाले होते आणि त्या दिवशी मी पहिल्यांदाच प्रभुभोजन घेणार होते. आईने पांढरी साडी आणली होती. उपासना साडेदहाला संपेल, तिथून थेट कॉलेजला जाईन, अशी मी मिनिटांची आखणी केली होती. शुक्रवारी दुपारी रसायनशास्त्राचे गाडेकर सर प्रयोगशाळेत आले आणि म्हणाले, "रविवारी इमारत मिळत नाही. परीक्षा उद्याच, शनिवारी अकराला." आम्ही बसणारे सहा जण होतो, पाच हजर होते. शाहीन दोन दिवस धावड्याला, मोठ्या बहिणीच्या सासरी, बाळाच्या कार्यक्रमाला गेली होती. सर माझ्याकडे वळले. "तुमची गल्ली एकच ना? शाहीन आज येणार आहे संध्याकाळी. तिला सांग. नक्की सांग."

मी "हो सर" म्हटले, आणि ते म्हणताना खोटे नव्हते. हे मला इथे काटेकोरपणे नोंदवायचे आहे. वाईट माझ्यापुढे शिंगे रोखून आले नाही. ते एका साध्या विचाराच्या रूपाने आले: आधी घरी जाऊन उजळणी करू, मग सांगू. पाचला वाटले, ती अजून आली नसेल. सहाला मी तिच्या दारावरून गेले. ती आली होती. वरच्या खिडकीत दिवा होता आणि कठड्यावर तिची निळी ओढणी वाळत होती. तिच्या अम्मी, ज्यांना मी खाला म्हणजे मावशी म्हणे, उंबऱ्यात कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. "आव बेटी, अंदर आव. शाहीन ऊपर है, अभी आई सफर से. बुलाऊँ क्या?"

बुलाऊँ क्या. एवढाच प्रश्न होता. उत्तराला एक शब्द पुरला असता. मी म्हणाले, "नको खाला, दमली असेल. उद्या भेटते." माझा आवाज काळजीने भरलेला होता. खालांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिले आणि मूठभर कोथिंबीर आईसाठी दिली. ती घेऊन मी घरी आले आणि रात्रीच्या आमटीवर ती पडली. स्वाद उत्तम होता. आई दोनदा म्हणाली.

शनिवारी मी परीक्षा दिली. सहाव्या बाकावर कुणी नव्हते. सरांनी विचारले, "शाहीन?" मी खांदे उडवले. शब्दाने खोटे बोलले नाही, याचे मला त्या क्षणी बरेही वाटले. पेपर अवघड होता आणि तो मला फार चांगला गेला. घरी आले तर मनुका उकळत होत्या.

"हात धुतले का गं?" आत्याने विचारले. "उद्या पहिल्यांदा जायचंय तुला."

"धुतले."

तिने पळी थांबवली, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा ढवळायला लागली. नाडी पाहून गप्प बसणाऱ्या डॉक्टरांची मला तेव्हापासून धास्ती आहे.

रविवारी चर्च भरलेले होते आणि उपासना लांबली होती. पांढऱ्या साडीत आम्ही चौघी मुली पहिल्या बाकावर, मागे आई-पप्पा, आणि माझ्या शेजारी, हट्टाने जागा करून घेऊन बसलेली आत्या. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. ती ओळ जवळ आली आणि सवयीने माझे ओठ मिटले. आणि त्याच वेळी त्या शब्दाचे दोन्ही अर्थ एकावर एक बरोबर येऊन बसले. दहा वर्षे मी देवाला म्हणत आले होते, की मला परीक्षेत आण. त्याने आणले होते. एक नव्हे, दोन परीक्षा त्याने लागोपाठ ठेवल्या होत्या. एकीत मी बसले आणि बहुधा पहिली आले. दुसरीत मी नापास झाले होते आणि ती परीक्षा होती, हेसुद्धा मला कळले नव्हते. आणि शाहीनला, जिने असे काही मागितलेच नव्हते, तिला मी परीक्षेत येऊच दिले नव्हते. मंडळी पुढच्या ओळीला पोहोचली होती. मी मागे राहिलेली ती ओळ एकटीने म्हटली. फार हळू, पण आत्याला ऐकू गेले.

पाळकसाहेबांनी मेजाशी बोलावले. तिघी उठल्या. मी उठले नाही. मागून आईचे बोट पाठीत रुतले. "रूथ, ऊठ ना. सगळे बघताहेत." सगळे खरेच बघत होते. आत्या अर्धी उठली होती. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, पुन्हा खाली बसली आणि कुजबुजली, "कोण?"

"शाहीन."

"कुठं हाय ती?"

"अकराला कॉलेजच्या गेटवर येईल. परीक्षेला. पण परीक्षा कालच झाली. मला माहीत होतं."

आत्याने एक मोठा श्वास घेतला. ती मला जवळ घेईल असे मला वाटले होते, आणि मला तेच हवे होते. ती म्हणाली, "मंग हितं बसून काय करून राह्यली? जा जल्दी."

"उपासना संपल्यावर…"

"प्रभू कुठं जात न्हाई. ती पोरगी जाईल. ऊठ."

भरल्या चर्चमधून, पहिल्या बाकापासून शेवटच्या दारापर्यंत, पांढऱ्या साडीत मी चालत गेले. मेजाकडे पाठ करून. त्या चालण्याची लांबी मी पुढे एकदा मोजली आहे. बावीस पावले भरतात.

कॉलेजच्या गेटवर शाहीन उभी होती. हातात पारदर्शक पाकिटात पेन, काखेत पाण्याची बाटली. पहारेकरी तिला काहीतरी सांगून आत गेला होता. मला पाहून ती हसली. "अगं, इथे चिटपाखरू नाही! आणि तू काय, परीक्षेला नवरी होऊन आलीस?"

"परीक्षा काल झाली, शाहीन."

"काल?" तिने बंद गेटकडे पाहिले. "तुला कधी कळलं?"

"शुक्रवारी. सरांनी तुला सांगायला सांगितलं होतं."

ती जे बोलली ते मला अपेक्षित नव्हते. "विसरली असशील. तुझं ते चर्चचं होतं ना, त्या गडबडीत. होतं असं." ती मला दार उघडून देत होती. स्वतःचे नुकसान समोर दिसत असताना तिला आधी माझी सबब सुचली. मला फक्त मान हलवायची होती. शुक्रवारचा मोह याच्यापुढे काहीच नव्हता. तेव्हा मला एक जागा मिळणार होती, आता जागा आणि मैत्रीण दोन्ही मिळत होत्या, आणि वर प्रामाणिकपणे धावत आल्याचे श्रेयही. मारकी किती शहाणी असते, हे मला तेव्हा कळले. ती हरलेल्या जागी पुन्हा उभी राहत नाही. पुढच्या वळणावर, चांगल्या माणसाच्या तोंडून बोलते.

"नाही," मी म्हटले. "विसरले नाही. मी तुझ्या दारापर्यंत आले होते. अम्मी म्हणाल्या, बुलाऊँ क्या. मी नको म्हटलं."

"अम्मी के सामने?" ती उर्दूत शिरली. "मेरी अम्मी के सामने खड़े होके तू ने ना बोला?"

"हो."

तिने पेनांचे पाकीट बंद केले. चेन अडकली होती. ती तिने शांतपणे सोडवली. "साडी मळेल," ती म्हणाली. "घरी जा."

सोमवारी मी गाडेकर सरांना सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून दे. आणि गैरसमज हा शब्द कुठे वापरू नकोस." मी लिहून दिले. माझी उत्तरपत्रिका बाद झाली. सरांनी संस्थेकडे शाहीनसाठी पुन्हा परीक्षा घेण्याची परवानगी मागितली. मुदत संपली होती, मिळाली नाही. शिबिराला आमच्या वर्गातला एक तिसराच मुलगा गेला. माझ्या कबुलीने शाहीनला काहीही परत मिळाले नाही. पश्चात्तापाबद्दल मी जे प्रवचनांत ऐकले होते, त्यात हा भाग कुणी नीट सांगितला नव्हता.

आई आठवडाभर माझ्याशी मोजके बोलत होती. तिला माझ्या गुन्ह्यापेक्षा त्या बावीस पावलांचे जास्त दुःख होते. पप्पा एका संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "कुजलेला दाणा मोजून लिहिला तर तपासणी खरी होती," ते म्हणाले, "पण दाणा कुजलेलाच राहतो, बाई. पुढचं पेरणं बघायचं." मग हार्मोनियम काढून बसले. आत्याने मला ना दोष दिला, ना शाबासकी. पुढच्या पहिल्या रविवारी मी बाकावर बसून राहिले तेव्हा ती उठली आणि प्रभुभोजन घेऊन आली. "माझं मी घेते," ती म्हणाली. "तुझं तू बघ." तिच्या प्रेमातला हा कोरडेपणा मला आयुष्यभर पुरला आहे.

चार महिने मी बसून राहिले. चौथ्या महिन्याच्या शनिवारी डबा भरला, कोपऱ्यावर पोहोचले आणि परत आले. करंज्या आत्याने खाल्ल्या. पाचव्या महिन्याच्या शनिवारी मी शाहीनच्या घरात शिरले आणि तिच्या अम्मींसमोर सगळे पुन्हा सांगितले, कोथिंबिरीसकट. खाला चहाचे आधण ठेवत म्हणाल्या, "बैठ. चाय पी." त्यांनी वर हाक मारली. शाहीन खाली आली नाही. मी चहा संपवला आणि घरी येऊन आत्याला म्हटले, "ती आलीच नाही. म्हणजे माझे हात धुतलेच गेले नाहीत."

"ती खाली यायलाच पाहिजे, असं कुठं लिहिलंय?" आत्या म्हणाली. "जिना तिचा हाय. तू वर चढायला मागितलं, तिनं न्हाई म्हटलं. आता माफी मिळाल्याशिवाय मी जेवणार न्हाई म्हणून बसशील, तर त्यो रुसवा झाला. मारकी रुसती पण बरं का." दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा प्रभुभोजन घेतले. मनुकांचा तो रस घोटभरही नव्हता. ज्या घरात मी लहानाची मोठी झाले त्या घराच्या वासाचा तो होता, आणि तरी मला तो अनोळखी लागला.

आत्या आता ब्याऐंशी वर्षांची आहे. मनुका अजून तीच उकळते. पातेले उचलायला मात्र मला बोलावते. मी रोज बदनापूरपर्यंत गाडीने जाते, दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी ओळखते आणि माझ्या सहीने अहवाल जातात. चांगले आणि वाईट यांचे युद्ध माणसाच्या हृदयात चालते, असे आम्हाला शिकवले होते. ते खरे आहे, पण युद्ध हा शब्द मला फार भपकेबाज वाटतो. मी जे युद्ध पाहिले ते एका वृद्ध बाईने पळी हातात धरून, हसत, हरत आणि हरल्याचे मोठ्याने सांगत केले. मागच्या नाताळात मी तिला विचारले, "आत्या, मारकी अजून आहे का?" ती म्हणाली, "हाय ना. दात पडले तिचे, पण शिंगं शाबूत हायेत. काल सुमतीच्या चहाला नावं ठेवली तिनं."

शाहीन मला सात वर्षे भेटली नाही. नमस्कार होत असे, गल्ली एकच होती; त्यापलीकडे काही नाही. ती भौतिकशास्त्र शिकवू लागल्याचे मला खालांकडून कळले. मग एका दुपारी ती लग्नपत्रिका घेऊन घरी आली. पत्रिका तिने आत्याच्या हातात दिली, पाणी प्यायली आणि गेली. माझ्याकडे पाहून एकदा मान हलवली. मला तेवढे पुष्कळ होते.

दहा दिवसांनी तिचा फोन आला. सात वर्षांत पहिला.

"नवऱ्याची रजा पुढे ढकललीय. लग्नाची तारीख बदलली," ती म्हणाली. प्रास्ताविक काही नाही. "माझ्या सगळ्या मैत्रिणींची नावं आणि नंबर पाठवतेय. एकोणीस जणी आहेत. सगळ्यांना तू सांगायचं."

"मी?"

"हो, तूच. बघू तरी." फोनवरही कळले की ती हसते आहे, आणि हसण्याला धार आहे. "आणि अम्मी विचारतेय, कोथिंबीर पाठवू क्या."

मी टेबलाशी बसले. यादी समोर ठेवली. आत्या आतून विचारत होती, कुणाचा फोन, म्हणून. मी पहिला नंबर लावला, पलीकडून आवाज आला, आणि अठराव्या वर्षी जे वाक्य माझ्या तोंडून निघाले नव्हते ते मी स्पष्ट, सावकाश म्हटले.

"हॅलो, मी रूथ बोलतेय, शाहीनची मैत्रीण. तारीख बदलली आहे, तेवढं सांगायचं होतं."